गुलाब देऊन घेतलेले चाकू

माझ्याकडे तेवीस चाकू आहेत आणि त्यांतल्या एकानेही मी कधी भाजी चिरलेली नाही. हे सांगितलं की नवीन माणूस जरा सावरून बसतो. बाईमाणसानं चाकू जमवायचे म्हणजे काय, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. मग मी पेटी काढते. हे सगळे बागेचे चाकू. काही छाटणीचे, काही कलम बांधायचे, काही डोळा भरायचे. सगळे घडी घालून खिशात ठेवायचे. आणि यांतला एकही मी पैसे मोजून घेतलेला नाही. हे शेवटचं वाक्य मी जरा मोठ्यानेच म्हणते.

माझं माहेर इंदुरीचं. इंद्रायणीच्या काठाला आमचा गुलाबाचा मळा होता. फुलं बैलगाडीनं तळेगाव स्टेशनावर जायची आणि तिथून पुण्याला. रानगुलाबाच्या खोडाची साल चिरून तिच्यात चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, बसवायचा, हे आमच्या घरचं काम. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात त्यात असा बसलेला होता की शंभरातले नव्वद डोळे लागायचे. पण चाळिशी गाठायच्या आत त्यांची नजर अधू झाली. मोठे भाऊ नांगराला जुंपलेले, म्हणून हे बारीक काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. आबा शेजारी बसून फांदीवरून बोट फिरवायचे आणि सांगायचे, "साल उचलायची, फाडायची न्हाई. झाडाला कळलं न्हाई पायजे."

त्यांच्याकडे एकच चाकू होता. पातळ पात्याचा, मुठीच्या टोकाला हाडाची चपटी जीभ असलेला. त्या जिभेनं साल उचलायची. पातं एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं उतरतं. सपाट बाजू फांदीला टेकते, म्हणून काप सरळ येतो. हे मला शाळेतल्या बाराखडीच्या बरोबरीनं कळलं. चाकू बघायची नजर मला आली ती तिथं.

पहिल्या लढाईनंतर चार-पाच वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी लोणावळ्याला आले. नवरा रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. सरकारी खोल्यांच्या मागं आमच्या वाट्याला थोडी जागा होती. तिथं मी माहेराहून आणलेले गुलाब लावले. आबांचा चाकू माहेरीच राहिला, कारण त्यांना तो हवाच होता. मी न्हाव्याच्या जुन्या वस्तऱ्यावर भागवत होते, आणि ते काही खरं नव्हतं.

बाजारपेठेत जुन्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानदार मूळचे वराळ्याकडचे, वयस्क, सगळे त्यांना चाचा म्हणत. बंगल्यांतून निघालेलं सामान त्यांच्याकडे यायचं: कंदील, खुर्च्या, पितळी घंगाळं, फुटके ग्रामोफोन. एकदा मी चिमणीची काच घ्यायला गेले आणि खिळ्यांच्या डब्यात मला एक वाकडी चोच दिसली. बाहेर काढलं तर चाकू. मूठ हरणाच्या शिंगाची, दोन्ही टोकांना पितळ, आणि पातं गंजून अर्धवट उघड्यावरच घट्ट बसलेलं.

चाचा म्हणाले, "घ्या ताई. सुपारी फोडायला बरा हाय."

मी म्हटलं, "चाचा, सुपारीचा न्हाई हा. हा छाटणीचा. ही चोच फांदीला अडकवायची आन् आपल्याकडं ओढायचं."

त्यांनी चाकू परत हातात घेतला, उलटापालटा केला. "तीन वर्षं झाली माझ्याकडं पडलाय. कुणी सांगितलं न्हाई." मग म्हणाले, "तुमच्या दारात ते पिवळे गुलाब हायेत न्हवं? माझ्या घरात त्याचं लय याड हाय. एक रोप द्या आन् घेऊन जा."

असा माझा पहिला चाकू आला. नवऱ्यानं तो आठवडाभर घासलेटमध्ये बुडवून ठेवला. रोज शेडमधून आला की हात धुवायच्या आधी तो बाहेर काढून हळूच हलवून बघायचा. आठव्या दिवशी पातं निघालं आणि पुन्हा मिटताना 'टक्' असा आवाज झाला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. चाकूच्या मुठीतल्या एका निखळलेल्या रिव्हेटच्या जागी त्यानं पितळेच्या तारेची नवीन खीळ ठोकली, आणि ती कुठली हे आज मलाही शोधून सापडत नाही.

मग ते सुरूच झालं. चाचा माझ्यासाठी चाकू बाजूला ठेवायला लागले. बंगल्यांचे माळी यायचे. त्यांच्या साहेबाचा मोडका चाकू आणून द्यायचे आणि रोप घेऊन जायचे. त्या चाकूंनी मी आणखी डोळे भरायची आणि त्या रोपांवर आणखी चाकू यायचे. कुणाची मूठ शिसवीची, कुणाची शिंपल्याची, एकाला पात्याबरोबर बोटभर करवत. पात्यावर बारीक इंग्रजी अक्षरं असत. नवरा ती वाचून दाखवायचा आणि मी वहीत उतरवून घ्यायची.

सासूबाईंना हे बिलकूल पसंत नव्हतं. "बायका साड्या जमवत्यात, भांडी जमवत्यात," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. "आमच्या घरात ही हत्यारं."

एक चूकही माझ्या हातून झाली आणि ती सांगायला हवी. पाचवा की सहावा चाकू होता, फार जुना, पातं काळं पडलेलं. मला तो चकाचक करायचा होता. मी तो खरखरीत दगडावर घासला, घासला, आणि चंद्रासारखा लखलखीत केला. तसाच पदरात गुंडाळून इंदुरीला आबांना दाखवायला घेऊन गेले. आबांना तोपर्यंत फक्त उजेड-अंधार कळत होता. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हितं काय लिवलं हुतं?"

"नाव हुतं कायतरी. घासताना गेलं."

"आन् हितली जाडी कुटं गेली?" ते म्हणाले, "ज्यानं हा केला त्यानं जेवडं पोलाद घातलं, तेवडं तू एका दुपारी खाल्लंस. धार लावायची म्हंजी पोलाद खायचं न्हाई. गंज काढ, काळेपणा ऱ्हाऊ दे. काळं पडलं म्हंजी ते कामातलं हाय."

मी परतीच्या वाटेवर रडले. तो चाकू अजून पेटीत आहे, सगळ्यांत चकचकीत, आणि मी तो कुणाला आधी दाखवत नाही. त्यानंतर मी एकाही पात्याला खरखरीत दगड लावला नाही. राख, खोबरेल आणि चिंधी, एवढंच.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. चाचांनी निरोप पाठवला की टेकडीवरच्या एका पारशी बाईंच्या बंगल्यात चाकूंचा अख्खा खण भरलेला आहे. शेट वारले होते, बाई बंगला विकून मुलीकडे मुंबईला जाणार होत्या. चाचा सामान बघायला गेले, तर बाईंनी बाकी सगळं दाखवलं आणि चाकूंना हात लावू दिला नाही.

मी गेले. श्रावण होता. लोणावळ्याचा श्रावण म्हणजे दिवसभर धुकं आणि पाऊस. दहा पावलांवरची गाय दिसत नाही. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, पांढरं लुगडं, डोक्याला रुमाल. मी कशाला आले ते सांगितल्यावर म्हणाल्या, "विकायचे नाय. त्या दुकानवाल्याला पण तेच सांगितला."

"विकत नको बाई. मला फक्त बघायचेत."

"बघून काय करणार तू?"

"ओळखते मी ते."

त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी नोकराकरवी तो खण आणवला. आत हिरव्या मखमलीवर सात चाकू ठेवलेले. मी आधी हात पदराला पुसले, इतके ते सुंदर होते. मी एकेक उचलून सांगत गेले: हा जाड फांदीचा, हा द्राक्षवेलीचा, हा कलमाला खाच पाडायचा. बाई मान हलवत होत्या. माहीत असलेलंच ऐकत होत्या. शेवटचा चाकू डोळा भरायचा होता. मूठ हस्तिदंती, पिवळी पडलेली, आणि अंगठा टेकायच्या जागी झिजून खळगा पडलेला. मी पातं उघडलं, डोळ्याजवळ धरलं, आणि मला तो विचित्र वाटला. पुन्हा बघितला. सपाट बाजू जिथं हवी तिथं नव्हती. अंगठ्याचा खळगाही माझ्या अंगठ्याला लागत नव्हता. मी चाकू दुसऱ्या हातात घेतला आणि अंगठा अलगद खळग्यात बसला.

मी विचारलं, "बाई, शेट डावखुरे होते का?"

हातातला चहाचा कप बाईंनी बशीत ठेवला, तो वाजला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुला कोणी सांगितला?"

"चाकूनं. याचा उतार उलट्या बाजूला आहे. मुद्दाम करून घेतलेला दिसतो."

"लग्नाच्या वेळी माझ्या बापानं विलायतेहून करून मागवला," बाई म्हणाल्या. "पन्नास वरस त्याच्या खिशात होता. त्याच्या मुलांना पण हे उतारचा माहीत नाय."

त्या उठल्या, छत्री घेतली आणि मला म्हणाल्या, "चल, तुला एक दाखवते."

बंगल्याच्या मागं, पायऱ्यांच्या कडेला, एक गुलाबाचं झाड होतं. होतं म्हणायचं एवढंच. मुळाशी पाणी साठून खोड काळं पडलं होतं, पानं गळून गेली होती. एकच फांदी हिरवी राहिली होती, हातभर लांब. शेटनी हे झाड लग्नाच्या वर्षी लावलेलं. बाईंना ते मुंबईला न्यायचं होतं. त्यांच्या माळ्यानं सांगितलं होतं की झाड हलवलं तर मरेल आणि नाही हलवलं तरी मरेल. पुण्याहून बागकामाचे एक जाणकार गृहस्थ येऊन बघून गेले होते. ते म्हणाले, डोळे थंडीत भरता आले असते, या पावसात भरलेले सगळे कुजतील, आणि थंडीपर्यंत ही फांदी काही टिकत नाही.

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. आबाही तेच म्हणाले असते. आमच्या घरात पावसाळ्यात कुणी डोळा भरलेला मी बघितला नव्हता. पण फांदीवर बारा डोळे मोजले मी, बारा टपोरे डोळे, आणि माझ्या परसात तितके रानगुलाबाचे खुंट उभे होते. मी म्हटलं, "बाई, मला द्या ही फांदी. लागला तर एखादा लागेल. नाहीच लागला तर मी येऊन तसं तोंडावर सांगेन."

"काप," बाई म्हणाल्या आणि दुसरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

ओल्या फडक्यात फांदी गुंडाळून मी घरी आले. वाटेत एकच विचार डोक्यात होता: डोळा मरतो तो पाण्यानं. एरवी आम्ही आडवी चीर वर देतो आणि तिच्याखाली उभी, मग डोळा वरून खाली सरकवतो. पावसात वरून ओघळणारं पाणी नेमकं त्या आडव्या चिरेत जाऊन बसणार. मग चीर उलटी का देऊ नये? उभी चीर वर, आडवी खाली, आणि डोळा खालून वर सरकवायचा. पाणी सालीवरून ओघळून जाईल. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी भिजत चालले होते आणि माझ्या कपाळावरचं पाणी भुवईच्या कडेनं खाली जात होतं, तेव्हा सुचलं.

पण नुसत्या तेवढ्यानं भागणार नव्हतं. वर आडोसा हवा होता. मी नवऱ्याशी बोलत होते की गोणपाट टाकावं का, तर गोणपाट भिजून आणखी कुजवणार. सासूबाई चुलीपाशी ऐकत होत्या. अचानक म्हणाल्या, "इरली टाका की."

इरलं म्हणजे भात लावताना बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. खालून वारा खेळतो आणि वरून थेंब आत येत नाही. सासूबाईंचं माहेर पवन मावळात, तिथली लावणी उरकलेली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गेल्या आणि संध्याकाळी भावाच्या गाडीतून बारा इरली घेऊन आल्या. गाडीतून उतरत म्हणाल्या, "माझ्या भावजया इचारत हुत्या, कशाला. मी सांगितलं, आमच्या सूनबाईनं शेटाचं झाड पैजंवर घेतलंय." पैज कुणी लावलेली नव्हती. पण मी ते त्यांना सांगितलं नाही.

नवऱ्यानं परसात मांडवासारखे वासे रोवून आधी एका जुन्या चादरीचं छत धरलं आणि मी त्याच्याखाली बसून बारा डोळे भरले. माझा सगळ्यांत पातळ चाकू घेतला, शिंपल्याच्या मुठीचा. साल उलटी उचलणं अवघड गेलं. हाडाची जीभ सवयीनं वरच्या बाजूला वळायची. पहिला डोळा माझ्या हातून चेंगरला, तरी तसाच बसवला. दुसऱ्यापासून हात बसला. केळीच्या सोपटानं बांधलं, वर मेण लावलं आणि एकेका खुंटावर एकेक इरलं उभं केलं. परसात जणू बारा बायका वाकून लावणी करत होत्या.

मग वाट बघणं. रोज सकाळी इरलं वर करून बघायचं. सातव्या दिवसापर्यंत पाच डोळे काळे पडले. दहाव्या दिवशी आणखी तीन. एकाला बुरशी आली. सासूबाई माझ्या आधी उठून बघून यायच्या आणि मला काहीच सांगायच्या नाहीत, म्हणजे बातमी वाईट. तीन उरले. डोळ्याखाली पानाचा देठ राखलेला असतो, तो बोटानं हलवून बघायची मी हिंमत करत नव्हते. लागलेल्या डोळ्याचा देठ बोट लावताच गळून पडतो, आणि मेलेल्याचा सुकून चिकटून राहतो. एकोणिसाव्या दिवशी धीर करून बोट लावलं. पहिला देठ गळला. दुसरा गळला. तिसरा चिकटून राहिला.

दोन! श्रावणात, लोणावळ्यात, दोन. मी तिथंच चिखलात बसले. नवरा शेडमधून दुपारच्या सुट्टीला घरी आला तेव्हा मी नुसती दोन बोटं वर केली. त्यानं टोपी काढून फेकली, ती थेट शेजाऱ्यांच्या कौलांवर.

दसऱ्याच्या सुमाराला दोन्ही रोपांना वीत-वीत फुटवे आले. ती मुळासकट काढून घासलेटच्या डब्यांत भरली आणि टांग्यातून बंगल्यावर नेली. बाईंनी पानं हातात घेऊन चोळली, वास घेतला, आणि "तोच," एवढंच म्हणाल्या. मग आत गेल्या आणि खण घेऊन आल्या. सात जागांपैकी एक रिकामी होती. हस्तिदंती चाकू त्यांनी स्वतःकडे ठेवला होता.

"तो नाय देत," त्या म्हणाल्या.

"मी घेतलाही नसता, बाई."

हे मी खोटं बोलले नाही. तो चाकू माझ्या हातासाठी नव्हताच. बाकीचे सहा मी घेतले. एक रोप त्यांनी मुंबईला नेलं. दुसरं जबरदस्तीनं मलाच दिलं.

जायच्या आधी बाईंनी आणखी एक केलं. आजूबाजूच्या बंगल्यांतल्या ओळखीच्या लोकांना आणि त्यांच्या माळ्यांना चहाला बोलावलं, आणि व्हरांड्यातल्या लांब टेबलावर पांढरा कपडा अंथरून माझे तेव्हाचे सगळे चाकू मांडायला लावले. मला म्हणाल्या, "तू सांग सगळ्यांना." मी नऊवारी नेसून टेबलामागं उभी राहिले. पुण्याचे ते जाणकार गृहस्थही आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी खिशातून वही काढून विचारलं, "ती उलटी चीर नेमकी कशी दिलीत?" मी गुलाबाच्या काडीवर करून दाखवली. त्यांनी चित्र काढून घेतलं, खाली मराठीत लिहून घेतलं आणि मला दोनदा वाचून दाखवलं, चुकलं का म्हणून.

भावानं आबांना इंदुरीहून आणलं होतं. आबांना आता काही दिसत नव्हतं. मी त्यांना टेबलाच्या टोकाशी खुर्चीवर बसवलं आणि एकेक चाकू त्यांच्या हातात देत गेले. ते बोटांनी ओळखत, नाव सांगत आणि परत देत. माझ्या आयुष्यात त्यांनी मला शाबासकी दिलेली मला आठवत नाही. बाईंच्या सहापैकी एक चाकू त्यांनी बराच वेळ चाचपला. पातं दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. मग माझ्याकडे तोंड करून, सगळ्यांसमोर, म्हणाले, "ह्यो मला ठावं न्हाई. कशाचा गं ह्यो?"

आबा मला विचारत होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांचा अंगठा पात्यावर ठेवून सांगितलं की हा कलमाला खाच पाडायचा, हे असं धरायचं, हे असं फिरवायचं. ते लक्ष देऊन ऐकत होते. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मागं उभ्या असलेल्या सासूबाईंनी शेजारच्या बाईला कोपर मारून विचारलेलं मला ऐकू आलं, "कळलं का तुला? न्हाई कळलं तर माझ्या सुनंला इचार."

चहा झाल्यावर माळी पुढं आले. एकेकानं कमरेच्या पिशवीतून आपापला चाकू काढला. कुणाची धार गेलेली, कुणाची मूठ फुटलेली, आणि पुष्कळांची पाती खरखरीत दगडावर घासून अर्धी झालेली. मी त्यांना रविवारी घरी यायला सांगितलं. येताना राख आणि खोबरेल आपापलं आणा, म्हटलं, दगड आणू नका.